कोर्लईची तिरीप

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे कधी लक्ष लावून पाहिलं असेल, तर ते खाडीपलीकडून. थट्टा नाही करत. घरात असले की हे पुस्तकात डोकं खुपसून, नाहीतर अंगणात मान वर करून उभे. आमटीत मीठ नसलं तरी यांना पत्ता नाही. रेवदंड्याला नारळीच्या बागेत आमचं घर, त्यात सासूबाई, हे आणि मी. माहेरी माझ्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. इथे आले आणि विहिरीच्या रहाटाशी बोलायला लागले. खोटं कशाला सांगू, फार एकटी पडले होते मी.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचा तो काळ. हे शाळेत मास्तर होते, पण वेड ढगांचं. ढग किती उंचावर असतो ते यांना मोजायचं होतं. त्यासाठी एकाच ढगाचे दोन लांबच्या जागांवरून, अगदी एकाच क्षणी दोन फोटो घ्यायचे, आणि दोन्हींतल्या फरकावरून गणित मांडायचं. पुण्याच्या कोणा साहेबांनी वर्षाच्या बोलीने दोन कॅमेरे धाडले होते. ढग काही कोणासाठी थांबत नाही. एकाने आधी दाबलं, दुसऱ्याने मागाहून, की जोडी फुकट.

एक कॅमेरा हे चालवणार. दुसऱ्याला भरवशाचं माणूस गावात मिळेना, तेव्हा नंबर माझा लागला.

"चांगल्या जोड्या जमल्या तर साहेब मला पुण्याला घेतील," हे म्हणाले. "मग आपण तिथे बिऱ्हाड करू."

आपण! लग्न झाल्यापासून यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं मी ते. पुण्यात दोन खोल्या, एक शेगडी, आणि समोरासमोर दोन पाट. मला दुसरं काही नको होतं.

"बाई माणसाने ढग टिपायचे! काय एकेक थेरं!" सासूबाई म्हणाल्या. पण लेकापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

कॅमेऱ्याचं तोंड कुठे असावं ते हे आधी लावून देत. मग होडीने खाडी ओलांडून कोर्लईच्या डोंगरावर जात, आणि तिथून आरशाने उन्हाची तिरीप माझ्याकडे पाडत. तिरीप दिसली की खटक्यावर बोट ठेवायचं. तिकडे हे एका हाताने आरसा झाकत आणि दुसऱ्याने आपला खटका दाबत. इकडे तिरीप विझली की मीही दाबायचा. बागेच्या टोकाला उभी राहून मी त्या डोंगरावरून डोळा काढत नसे. तिरीप चमकली की जीव हरखून जायचा. त्या घटकेला तिकडचा माणूस माझाच विचार करतोय, असं मला वाटे. करत असतील ढगाचा! पण मी आपलं माझ्यापुरतं समजून घेतलं.

जोड्या मात्र जमेनात. कधी धुकट यायच्या, कधी ढगच विरून जायचा. कॅमेरे परत धाडायची वेळ आली. आश्विनाचा उकाडा, आणि एके दिवशी डोंगरांकडे असा भला थोरला ढग चढला, की सासूबाईसुद्धा सुपातलं निवडणं सोडून बघत राहिल्या. असा ढग पुन्हा मिळणार नव्हता. आणि मी नेमकी बाजूला बसलेली! महिन्याचे ते चार दिवस, कशाला म्हणून शिवायचं नाही.

"त्या खोक्याला तो हात लावतो आणि तोच हात देवाला लावतो," सासूबाई म्हणाल्या. "तू शिवायचं नाहीस हो."

यांनी डोकं खाजवलं. "आई, लोकरीला विटाळ नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर!" यांनी आपला गळपट्टा उसवला, लोकरीचा दोरा खटक्याला बांधला आणि दुसरं टोक आंब्याखाली माझ्यापुढे टाकलं. मोठा तीर मारल्यासारखे होडीकडे पळाले.

मी दोरा ओढून बघितला. लोकर ती, आधी लांबत गेली, मग कुठे खटका हलला. तिरीप विझणार आणि माझा फोटो मागाहून येणार. हाक मारावी तर होडी खाडीत मध्यावर पोचलेली. दुपार उतरायला लागली आणि कोर्लईवर तिरीप चमकली. मी उठले, दोरा तोडला आणि खटक्यावर बोट ठेवलं.

"अगो, अगो!" सासूबाई पडवीतून ओरडल्या.

विटाळ गेला खड्ड्यात! तिरीप विझली आणि मी दाबलं.

सासूबाई आल्या, खोक्यावर गोमूत्र शिंपडलं आणि आत गेल्या. लेकाजवळ एक अक्षर बोलल्या नाहीत.

तीच जोडी उत्तम निघाली. त्या जोडीवर यांना पुण्याला बोलावणं आलं. "आधी मी जातो, जागा बघतो," म्हणाले. मी माझं लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं. ते पुढच्या दिवाळीपर्यंत तसंच राहिलं.

दिवाळीला आले ते खुशीत होते. जेवताना चक्क बोलत होते. "तिकडे सगळं सुधारलेलं आहे. दोन्ही कॅमेऱ्यांना विजेची तार जोडली आहे. एक बटण दाबलं की दोन्ही एकदम! आता दुसरं माणूस लागतच नाही."

"आणि बिऱ्हाड?" मी विचारलं.

"बिऱ्हाड? आईला टाकून कसं जमेल? शिवाय खानावळ बरी आहे माझी."

मी भात वाढला. "बरं आहे," म्हटलं, "तारेला बाजूला बसावं लागत नाही."

हे हसले. "तार कशाला बसेल?" सासूबाईंचा घास मात्र हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

भाऊबीज झाली आणि दुपारच्या आगबोटीने हे निघाले. आरसा खुंटीला टांगून गेले; आता कशाला हवा, म्हणाले. तो घेऊन मी बागेच्या टोकाला गेले. आरसा कधी मी धरलाच नव्हता. उन्हाकडे केला, हलवत हलवत तिरीप बोटीवर नेली. हे कठड्याशी पाठमोरे उभे होते, मान वर करून. तिरीप त्यांच्या पाठीवर थरथरत राहिली. मग मी आरशावर हात ठेवला.

त्या दिवशी आभाळात एक ढग नव्हता, तरी हे वरच बघत होते.