आदल्या दिवशीचा कागद

ऑफिसात तिला सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. पेटंटच्या परीक्षकाला एखादा शोध समजला नाही तर एक वेळ चालतं, शेजारच्या टेबलावर विचारता येतं. पण तारीख चुकली की सगळंच मुसळ केरात, असं तिचं मत. म्हणून नवी फाइल आली की ती आधी वाचायचीच नाही. पिवळ्या चिठ्ठीवर अर्जाची तारीख लिहायची, ती संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्याला चिकटवायची आणि मगच पहिलं पान उघडायची. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. बाईंना बाळ दाखवायला नेलं तर आधी त्याचा जन्मदाखला मागतील, असं ऑफिसातले वात्रट लोक म्हणत.

नवरा जाऊन तिला चौदा महिने झाले होते. सकाळी चहा ढवळत खुर्चीत बसला होता, तो तसाच गेला. पंधराव्या दिवशी ती कामावर हजर झाली. लोक म्हणाले, सावरली हो लवकर. पण सावरायला आधी कोसळावं लागतं, आणि ती कोसळलीच नव्हती. तिला काही वाटत नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तरी कळत नव्हतं आणि नाही घातलं तरी कळत नव्हतं. नवऱ्याचा टॉवेल दोरीवर होता तो तिने धुतला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. तेव्हाही काही वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही याची सुरुवातीला जरा लाज वाटायची, मग तीही वाटेनाशी झाली.

याचं कारण तिने स्वतःपुरतं शोधून ठेवलं होतं. आठ वर्षांपूर्वी तिच्या पोटातली मोठी गाठ काढायची होती, आणि आत काय निघेल हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते. महिना पावसाचा, तारीख अठरा. नऊ वाजता तिला आत नेणार होते. सकाळी आठला येतो म्हणालेला नवरा आला दुपारी दोनला. गाठ साधी निघाली होती आणि ती शुद्धीवर आली होती. तो मोबाइल कंपनीत इंजिनिअर होता. म्हणाला, पेपर सर्व्हरवर चढवायचा होता, आजचीच मुदत होती. तिने मान हलवली. भांडण नाही, तंडण नाही. पण ती अठरा तारीख तिच्या मनात काळ्या दगडावरची रेघ होऊन बसली. लेक तेव्हा अकरा वर्षांची. मावशीचा हात धरून बाहेरच्या बाकावर दिवसभर बसली होती. त्या दिवसापासून लेकही बापाशी कामापुरतं बोलू लागली. लेक आपल्यासारखीच रागावली आहे, असं आईला वाटायचं आणि खोटं कशाला बोला, त्यात तिला थोडं समाधानही होतं.

आणि आता ही फाइल आली. अर्ज आठ वर्षांपूर्वीचा. आधीच्या परीक्षकाची बदली झाली, मग फाइल कपाटात मुरली आणि मुरून मुरून हिच्या टेबलावर आली. हिने सवयीप्रमाणे चिठ्ठीवर तारीख लिहिली. महिना तोच, वर्ष तेच, तारीख अठरा. हात क्षणभर थांबला, बाकी काही झालं नाही. तिने चिठ्ठी चिकटवली.

अर्जदार एकटाच होता, ना कंपनी ना वकील. रेल्वेत बिनतारी यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ. आकृत्या हाताने, पट्टी लावून काढलेल्या. दर दोन महिन्यांनी फाइलची चौकशी करायला येत, म्हणून कारकून त्यांना टॉवरकाका म्हणत. शोध असा: धावत्या गाडीच्या छतावर एक पेटी बसवायची, तिला रिले म्हणतात. डब्यातले सगळे फोन त्या पेटीशी बोलतात आणि पेटी बाहेरच्या टॉवरशी. गाडी पुढे गेली की मागचा टॉवर सोडून पुढचा धरावा लागतो. या हवाली करण्याला हँडओव्हर म्हणतात, आणि नेमकं घोडं तिथेच अडतं. शंभर फोन एकदम नव्या टॉवरच्या दारात उभे राहतात आणि निम्म्यांचं बोलणं तुटतं. टॉवरकाकांचं म्हणणं, प्रत्येक फोनला दारात उभं करूच नका. पेटीने सगळ्यांची यादी आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुढच्या टॉवरला आधीच कळवायचं, त्याचा होकार आला की मगच मागच्याला सोडायचं. आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

तिला पद्धत आवडली. म्हणजे, आवडावी अशी आहे हे तिला कळलं.

अडचण एका कागदाची होती. मोबाइलचे नियम ठरवायला जगभरच्या कंपन्या बैठका घेतात आणि बैठकीआधी आपापली टिपणं सगळ्यांना खुल्या असलेल्या सर्व्हरवर चढवतात. अशाच एका टिपणात, तिसऱ्या आकृतीत, हीच पद्धत होती. आधीच्या परीक्षकाने ते पाहून बाजूला ठेवलं होतं, कारण वर छापलेली तारीख होती तेवीस, म्हणजे अर्जानंतरची. हे वाचून ती मनात हसली असती, हसायची सवय राहिली असती तर. छापलेली तारीख बैठकीची असते. कागद लोकांना खुला झाला कधी, ते सर्व्हरच्या यादीत पाहायचं, हे शिकाऊ परीक्षकालाही पहिल्या महिन्यात सांगतात. मग तिने टिपण लिहिणाऱ्यांची नावं वाचली. दोन होती. दुसरं नवऱ्याच्या ऑफिसातल्या जोडीदाराचं, ज्यांना घरात चष्मेवाले काका म्हणत. पहिलं नवऱ्याचं.

म्हणजे हाच तो पेपर. याच कागदापायी तो दोनला आला होता.

ती नियंत्रक साहेबांकडे गेली आणि सांगून मोकळी झाली. साहेब म्हणाले, अर्ज काही तुमच्या घरचा नाही, तरी फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर देऊ. ती नको म्हणाली.

आता गंमत पाहा. कायदा सरळ आहे. अर्जाच्या आदल्या दिवशी तीच गोष्ट जगात खुली झाली असेल तर अर्ज गेला. त्याच दिवशी झाली असेल तर अर्जाला धक्का नाही. आणि हा कागद अठराला चढला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तारीखबाईने तारीख न बघता लिहिली. टॉवरकाका सुनावणीला आले तेव्हा तिने सांगूनही टाकलं, की एक कागद होता, पण तो तुमच्याच दिवशीचा आहे, तुमच्या आड येत नाही. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं उघडली, आपलं नाव असलेलं एक तरी असावं असं वाटत होतं. बायकोला फोन करायला ते जिन्यातच थांबले.

अहवालाला पुरावा जोडावा लागतो, म्हणून सोमवारी तिने सर्व्हरची यादी काढली. टिपणासमोर तारीख होती सतरा. वेळ दुपारी चार वाजून पाच मिनिटं. तिने सर्व्हर कुठल्या देशात आहे ते पाहिलं, तासांची वजाबाकी केली, मग उलटी करून पाहिली. सतराच. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर अठरा होतं. टॉवरकाकांचा अर्ज एका दिवसाने बुडाला होता आणि आपण त्यांना अभय देऊन बसलो होतो, हे तिला आधी कळलं. दुसरी गोष्ट कळायला जरा वेळ लागला. कागद सतराला चढला असेल तर अठराला नवऱ्याला काहीच काम नव्हतं.

तिने चष्मेवाल्या काकांना फोन लावला. नवरा गेल्यापासून त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं. तिने कामाचंच विचारलं: तो कागद कधी चढवला, आठवतं का?

“सतराला, वहिनी. चढवला आणि लगेच निघाला तो. दुसऱ्या दिवशी तुमचं ऑपरेशन होतं ना.”

“मग अठराला कुठे होते हे?”

“त्याने मला शपथ घातली होती,” ते म्हणाले.

“भावजी, ज्यांनी घातली ते आता नाहीत.”

मग त्यांनी सांगितलं. नवरा सकाळी सातपासून हॉस्पिटलातच होता. तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर. पाय वर चढत नाहीत म्हणून त्याने त्यांना फोन केला. ते दहाला पोचले तेव्हा तो लहान पोरासारखा रडत होता. दर अर्ध्या तासाने खिडकीवर जाऊन तिचं नाव सांगायचा, काही कळलं का विचारायचा आणि परत येऊन बसायचा. ती शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा त्याने नळावर तोंड धुतलं.

“मी म्हटलं, जा की आता वर, सांग खरं काय ते. तर म्हणाला, पेपरचं सांगतो. भित्र्या नवऱ्यापेक्षा कामाचा किडा असलेला नवरा बरा.”

तिने आभार मानले, फोन ठेवला आणि यादीचा कागद छापून फाइलला लावला. त्या दिवशी तिने आणखी दोन फाइली हातावेगळ्या केल्या.

गुरुवारी टॉवरकाकांना पुन्हा बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तिने आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, चूक माझी आहे, मी तारीख न बघता सांगितलं, तुमचा अर्ज नामंजूर होतोय. त्यांनी छापील यादी हातात घेतली, चष्मा वर करून जवळून वाचली.

“एका दिवसाने?”

“एका दिवसाने.”

ते चिडतील, वर तक्रार करतील, अशी तिची तयारी होती. त्यांनी तसं काही केलं नाही. ते टिपणाची तिसरी आकृती पाहत बसले, मग स्वतःची आकृती शेजारी ठेवून बोट फिरवत राहिले. म्हणाले, चांगली काढलीये, माझ्यापेक्षा सुटसुटीत आहे. मग विचारलं, हे कोण आहेत? दोघांना एकच गोष्ट सुचली तर एकदा भेटून बोललं पाहिजे.

“ते आता नाहीत,” ती म्हणाली.

“अरेरे. तुम्ही ओळखत होता?”

तिने फाइलचा बंद बांधला. “ते माझे यजमान. एकवीस वर्षं एका घरात होतो. ओळखत होते असं वाटायचं.”

काका उठले, आकृत्या गोळा केल्या, दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि तिच्या टेबलावरचं पाणी तिच्याकडे सरकवून गेले. त्यांची पावलं जिन्यात थांबतात का, हे तिने ऐकलं. या वेळी थांबली नाहीत.

ती दप्तरखान्यात फाइल जमा करायला गेली आणि तिथूनच लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी शिकत होती. आई कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून तिने आधी काय झालं, बरी आहेस ना, असं दोनदा विचारलं.

“माझ्या ऑपरेशनच्या दिवशी बाबा उशिरा आले नव्हते,” आई म्हणाली. “ते खालीच होते. सकाळी सातपासून. औषधांच्या खिडकीसमोर.”

आईला वाटलं, तिला एवढ्याने पटणार नाही, म्हणून तिने कागदाचं, तारखेचं, यादीचं सगळं सांगायला घेतलं.

“मला माहीत आहे, आई.”

“काय माहीत आहे?”

“मी पाहिलं होतं त्यांना. मावशीने बिस्किटं आणायला खाली पाठवलं होतं तेव्हा. मी हाक मारणार होते, तर मला बघून ते खांबामागे गेले.”

दप्तरखान्यातला शिपाई गठ्ठे बांधत होता. दोरी आवळल्याचा आवाज येत होता.

“मला वाटलं, तू मरणार आहेस,” लेक म्हणाली, “आणि मग त्यांना मी एकटी नकोय. म्हणून ते लपले.”

आई म्हणाली, “ते रडत होते गं. तू घाबरशील म्हणून लपले असतील. वरही त्यासाठीच आले नाहीत.” एवढं बोलताना तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला, तिचा तिलाच ओळखू आला नाही. चौदा महिन्यांनी ती रडत होती, दप्तरखान्याच्या दारात, उभ्याउभ्या, फाइल छातीशी धरून. शिपायाने एकदा वर पाहिलं आणि पाठ वळवली. पलीकडे लेकही रडत होती.

“आई, फोन ठेवू नकोस,” ती म्हणाली.

आईने ठेवला नाही.