लाल चौकोनातली मेथी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगून राहिलो, तेही धड सांगता येत नाही.

मी मोहगावचा. आठवीत शाळा सुटली, मग बाबांच्या मागे संत्र्याच्या बागेत. आता गुजरातेत, बंद पडलेल्या रसायन कारखान्याच्या जमिनीवर रोबोट चालवतो. तो चौकोनाचौकोनानं जमिनीत सळई खुपसतो आणि पडद्यावर रंग दाखवतो. हिरवा म्हणजे माती स्वच्छ. लाल म्हणजे विषारी, उकरून न्यायची. आठवीवाल्याच्या हाती साहेबांनी एवढं मोठं यंत्र दिलं — ते उपकार रोज आठवतात. काढून टाकतील ही भीतीही रोजचीच.

त्या दिवशी कुंपणाजवळचा शेवटचा चौकोन लाल आला. पुन्हा टोचलं — लालच. दुसऱ्या दिवशी पोळ्यासाठी गावी जायचं होतं. लाल कळवला असता तर उकरणं संपेपर्यंत सुट्टी नाही. मी हातमोजा काढून माती चोळली. काळी, भुसभुशीत. वास थेट आमच्या बागेचा — झाडांच्या आळ्यांत पाणी सोडल्यावर बाबा मूठभर माती नाकाशी धरत, तसा. अशी माती वाईट कशी असेल? मग रोबोट शेजारच्या हिरव्या चौकोनात नेला, सळई टोचली, अन् नोंद त्या लाल चौकोनाच्या नावानं केली.

पोळा छान झाला. बैलांची शिंगं रंगवली, झुली चढवल्या, आईच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या. बाबा मला बागेतून हिंडवत राहिले. एकदाही त्या चौकोनाची आठवण आली नाही — खरंच आली नाही?

कुंपणापलीकडे चौकीदाराची खोली. त्याची बायको आमच्या मोहगावजवळच्या रामाकोन्याची. मी नवा होतो तेव्हा महिनाभर तिनंच जेवू घातलं; मी वहिनी म्हणतो. जमीन स्वच्छ ठरली, कुंपण मागे सरकलं, तशी तिनं त्याच लाल चौकोनाच्या तुकड्यात मेथी पेरली. हिवाळ्यात जुडी घेऊन दारात आली.

"घ्या भाऊजी, गावावानीच झाली पाहा. पोरं तर रोज मागून राहिले."

जुडी घेतली. ती गेल्यावर कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कशी लागली. मी म्हणालो, "मस्त, वहिनी."

त्या हिवाळ्यात तिनं आणखी तीन जुड्या दिल्या. तिन्ही मी टाकल्या. तिच्या चुलीवर मात्र ती मेथी शिजत राहिली. साहेबांना मी अजून काही बोललो नाही, तिलाही नाही. यंदाही तिनं तिथंच पेरली आहे.