पुनमने रद्द केलेला ग्रह

चाकणच्या ज्या कंपनीत पुनम काम करते तिथे गाडीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना तयार होतात. पिना पुरुष करतात आणि त्या चुकल्या की नाही ते बायका बघतात. बायकांची नजर बारीक असते, असं मॅनेजर दर महिला दिनाला सांगतात. सुपरवायझर नेमताना मात्र त्यांना बारीक नजर लागत नाही, मिशी लागते.

चौदा वर्षं पुनम तपासणीच्या टेबलावर आहे. पीस उचलायचा, गेजमध्ये ठेवायचा, काटा बघायचा. बरोबर असला तर पुढे, नसला तर लाल ट्रेमध्ये. घरी ती पोळीसुद्धा उजेडासमोर धरून बघते, असं तिचा नवरा जयसिंग मित्रांना सांगतो. बघते हे खरं आहे. पण लाटलेली तिनेच असते, मग तक्रार कुणाकडे करणार.

आकाशाशी तिचा संबंध आला तो मुलीच्या, म्हणजे संस्कृतीच्या, शाळेमुळे. शाळेने आठवीच्या मुलांना विज्ञान प्रकल्प दिला, म्हणजे रीतीप्रमाणे आठवीच्या आयांना दिला. त्यासाठी पुनमने एक संकेतस्थळ शोधलं. अवकाशातली एक दुर्बीण हजारो ताऱ्यांचा उजेड मोजत असते आणि त्या मोजमापाचे आलेख तिथे कुणालाही बघता येतात. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड किंचित कमी होतो, ठिपक्यांच्या रांगेत एक खड्डा पडतो. संगणकाच्या नजरेतून काही खड्डे सुटतात, म्हणून हौशी माणसांनी ते बघून खूण करायची. संस्कृतीला ए ग्रेड मिळाली आणि ती तारे विसरली. पुनम विसरली नाही. चिखलीहून चाकणला जायला कंपनीच्या बसला तासभर लागतो आणि त्यातला बराच वेळ बस नुसती उभी असते. बाकीच्या बायका मालिकेचे राहिलेले भाग बघायच्या, ही खड्डे बघायची. इथल्या वाहतूक कोंडीचा आजवर कुणाला फायदा झाला असेल तर तो विज्ञानाला.

दीड वर्षाने तिला एक मेल आला. बंगळूरच्या एका संस्थेत संशोधन करणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी तो मराठीत लिहिला होता. पुनमने खूण केलेल्या एका ताऱ्यावर दर सहा दिवसांनी खड्डा पडतोय, ग्रह असावा, आणि तो सगळ्यात आधी तिला दिसला होता. शोधनिबंधात लेखकांच्या यादीत तिचं नाव येणार होतं. नाव कसं छापायचं ते कळवा, असं शेवटी होतं.

या शेवटच्या ओळीने पुनमची दोन दिवस भूक गेली. कारण पुनम हे तिचं नाव नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कस्तुरा. थोरल्या जावेचं नाव पौर्णिमा, तिच्याशी जुळावं म्हणून सासरच्यांनी धाकटीला पुनम केलं. दोन्हींचा अर्थ एकच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. लग्नात जयसिंगने ताटातल्या तांदळावर अंगठीने अक्षरं काढली आणि कस्तुरा संपली. आता मॅडमना तिने माहेरचं नाव लिहिलं, ‘कस्तुरा आबाजी गावडे’. तीन शब्द लिहायला तिला बस तळवड्याहून महाळुंग्याला पोचेपर्यंत वेळ लागला. घरी ग्रहाचं सांगितलं, नावाचं नाही.

ग्रह म्हटल्यावर घर जागं झालं. जयसिंगने ते बाळूभाऊंच्या कानावर घातलं. बाळूभाऊ आठ वर्षांपासून भावी नगरसेवक आहेत. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, ‘चिखलीच्या सूनबाईंनी शोधला नवा ग्रह, रविवारी जाहीर सत्कार’. त्यावर बाळूभाऊ कमरेपासून वर होते, जयसिंग खांद्यापासून वर होता आणि पुनम आधार कार्डावरच्या फोटोएवढी होती. मधोमध कड्यांसकट शनी होता.

सासूबाई सुभद्राबाई भाजी घेऊन आल्या त्या तणतणतच.

“आरं जयसिंगा, दारात शनी कशाला टांगलाय?”

“आई, तो नमुन्याला आहे. कडं नसलं तर लोकांना ग्रह वाटत न्हाई, चेंडू वाटतो.”

“मंग चेंडू टांगायचा. चेंडूनं कुणाचं वाटुळं झालं न्हाई.”

“सासूबाई, माझा ग्रह दिसतच नाही,” पुनम म्हणाली. “नुसता उजेड कमी होतो त्यावरून कळतं.”

“दिसत न्हाई आन् सत्कार?” सुभद्राबाईंनी मेथीची जुडी सोडली. “बाळ्याचं कामबी तसंच हाय म्हना.”

गुरुवारी सकाळी बस नेहमीप्रमाणे उभी होती. दुर्बिणीने तोच तारा पुन्हा मोजला होता आणि नवा आलेख संकेतस्थळावर आला होता. पुनमने तो मोठा करून बघितला. एक खड्डा खोल. पुढचा किंचित उथळ. मग खोल. मग उथळ. जुन्या आलेखात ठिपके फार विखुरलेले होते, तिथे हा फरक कळत नव्हता.

कंपनीत असं ट्रेमध्ये दिसलं तर ती क्षणभर थांबली नसती. त्यांच्याकडे दोन स्पिंडलचं, म्हणजे दोन फिरत्या दांड्यांचं, एक मशीन आहे. एका वेळी दोन पिना निघतात आणि ट्रेमध्ये एकाआड एक पडतात. एकाआड एक पीस बारीक भरला की समजायचं, माल एका स्पिंडलचा नाही, दोन्हींचा आहे. आणि इथे ग्रह एकच असता तर दर वेळी खड्डा सारखाच पडला असता. म्हणजे हे दोन तारे होते, एक जास्त उजळ, एक कमी, एकमेकांभोवती फिरणारे. कधी हा त्याच्या आड, कधी तो ह्याच्या. ग्रह नव्हताच.

निबंध सोमवारी पाठवायचा होता. आणि सत्कार त्याच्या आदल्या दिवशी.

संध्याकाळी कुकर लावता लावता तिने जयसिंगला सांगितलं.

“मॅडमला कळलंय?” त्याने विचारलं.

“अजून नाही. मी कळवलं तर कळेल.”

“मग कळवायची घाई काय? सोमवारनंतर कळव.”

“सोमवारी निबंध जाईल. माझं नाव लागून जाईल.”

“तेच म्हणतोय ना राव, लागू दे. एवढ्या लांबचा तारा, कोण बघायला जाणारे?”

“मी गेले ना बघायला.”

जयसिंगला पटलं नव्हतं. बाळूभाऊंना काय तोंड दाखवायचं, याचा तो विचार करत होता. पुनमच्या डोक्यात बाळूभाऊ नव्हतेच. छापील कागदावर एकदा तरी कस्तुरा गावडे असं असेल, एवढंच तिला हवं होतं, आणि ते चार दिवस गप्प बसून मिळणार होतं. तिने कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या. मग आलेखावर खोल-उथळच्या खुणा केल्या, खाली लिहिलं, ‘हा ग्रह नाही, दोन तारे वाटतात. कृपया होल्डवर ठेवा’, आणि पाठवून भात वाढायला घेतला.

रविवारी सत्कार झालाच. फ्लेक्स लागल्यावर कार्यक्रम रद्द होत नसतो, फार तर कारण बदलतं. शाल पांघरून झाल्यावर पुनमने माइक घेतला आणि ग्रह नाहीये, माझी चूक झाली होती, ते दोन तारे आहेत, असं सरळ सांगून टाकलं. मांडवात कुणाला काही समजलं नाही. बाळूभाऊंना मात्र लगेच समजलं.

“बघा, हा ताईंचा मोठेपणा,” ते माइकवर म्हणाले. “एका ग्रहाच्या जागी चिखलीला दोन तारे मिळवून दिले. वाजवा टाळ्या.”

टाळ्या वाजल्या. जयसिंगचा जीव भांड्यात पडला.

मॅडमचं उत्तर सोमवारी दुपारी आलं. खुणा बरोबर होत्या. ग्रह निबंधातून काढला होता, त्यामुळे तिचं नावही काढावं लागत होतं. चुकीच्या ठरलेल्या ताऱ्यांची यादी वेगळी असते, तिच्यात नावं देत नाहीत. तुमच्यासारखी नजर आम्हाला हवी आहे, आणखी तीनशे आलेख पाठवू का, असं त्यांनी विचारलं होतं. महिला दिनाचं भाषण बंगळूरपर्यंत पोचलेलं दिसत होतं.

ती घरी आली तर शेजारच्या भागूबाई मुलाची पत्रिका घेऊन बसल्या होत्या. सुभद्राबाईंनी गल्लीत सांगून टाकलं होतं की ग्रह शोधणाऱ्या लई असतील, आमच्या सुनेनं ग्रह रद्द केलाय.

“प्रज्वलचा मंगळ हाय गं,” भागूबाई म्हणाल्या. “चार स्थळं गेली. तेवढा बघ की.”

“मावशी, मला पत्रिकेतलं काही कळत नाही.”

“आसू दे. तुझा नंबर तर दे, परत विचारीन.” भागूबाईंनी मोबाइल काढला. नंबर घेतला. “नाव पुनमच ना?”

“कस्तुरा घाला.”

“ती कोण?”

“मीच. माहेरचं नाव.”

सुभद्राबाईंचा हात चहाच्या डब्यावर थांबला. त्यांनी सुनेकडे नीट बघितलं, जणू स्वयंपाकघरात कुणी नवीन बाई आली होती. भागूबाई एकेक अक्षर चाचपत लिहू लागल्या, जोडाक्षरापाशी अडल्या.

“पुनमच घालते बाई,” त्या म्हणाल्या. “सापडायला बरं.”