डाळिंबी मोटार

सुरतेच्या बमरोलीत कँडी रंग मारावा तर हिलाल पाटलांनीच. कँडी म्हणजे काचेसारखा आरपार दिसणारा रंग. खाली चंदेरी थर, त्यावर पातळ रंगाचे हात, सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे चकचकीत बिनरंगी लेप. उजेड आत शिरून चंदेरीवरून परत फिरतो आणि गाडी आतून पेटल्यासारखी दिसते. हिलाल तरुणपणी खानदेशातून पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंग कालवायला आले होते. रंगाची पारख तिथलीच.

मगनभाईंची जुनी उघडी मोटार लग्नाच्या वरातींना भाड्याने जायची. एका हिवाळ्यात हिलालनी ती डाळिंबी करून दिली. लोक नवरदेव सोडून गाडीचे फोटो काढायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी हिलालच्या गॅरेजसमोरून एक वरात चालली होती. तीच मोटार. पण बॉनेट झेंडूखाली पार झाकलेलं. हिलालना काहीतरी खटकलं. वरात थांबल्यावर त्यांनी माळा हळूच बाजूला केल्या. दारं अजून डाळिंबी होती, बॉनेट मात्र उन्हाने शिळ्या गाजरासारखं फिकं पडलं होतं.

"मगनभाई, हे कधीपासून?"

"जवा दो ने, जाऊ द्या, हिलालभाई. फुलं टाकली की कोणाला दिसतंय?"

"मला दिसलं ना. मोसम संपला की गाडी घेऊन या."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मगनभाईंनी तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. हिलालच्या कामाचा उणेपणा तो माणूस गुपचूप झाकत फिरला होता.

मिलमध्ये कापडाचा नमुना अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून उन्हात ठेवत, म्हणजे रंग किती उडाला ते कळे. हिलालनी तेच पत्र्यावर केलं. वेगवेगळे रंग मारलेले तुकडे गच्चीवर मांडले. बायको मंदा डोक्यावर पापडाचं ताट घेऊन वर आली. घरात दोघं अहिराणीच बोलत.

"मी पापड आते कोठे टाकू?"

"कोपरामा टाक. यास्ले उनमाच राहू दे."

मंदा पुटपुटली, पण तुकडे हलवले नाहीत.

आधी त्यांना वाटलं, ऊन अडवणारं क्लिअर जाड मारलं की झालं. रंग सावकाश उडाला, पण उडालाच. शिवाय जाड थराला भेगा गेल्या. मग ते मिलमधल्या जुन्या मास्टरांकडे, भगवानकाकांकडे गेले. काका पत्रा उजेडात फिरवत म्हणाले, "विरघळणारा रंग आहे हा. कापडावरसुद्धा उन्हात लवकर मरतो. न विरघळणारा, दाण्याचा रंग घे. पण दाणा इतका बारीक हवा की आरपार दिसलं पाहिजे."

तसा रंग मिळाला. तो उन्हात टिकला, पण डाळिंब गेलं आणि विटकरी तपकिरी आली. हिलाल चिडले. असलं काही मगनभाईंच्या गाडीवर मारायचं नव्हतं. पुन्हा तुकडे, पुन्हा ऊन. बरेच महिने गेल्यावर एकदा त्यांनी खालचा चंदेरी थर बदलून सोनेरी मारला, त्यावर तोच रंग अगदी पातळ हातांनी चढवत नेला. तपकिरी गेली, आतून लाली उठली. वर ऊन अडवणारं क्लिअर, बेताचंच.

मोटार खरवडून नव्याने रंगवली. पुढचा अख्खा उन्हाळा ती सुरतेच्या रस्त्यांवर फिरली. पाऊस सुरू व्हायच्या आधी मगनभाई ती गॅरेजसमोर उभी करून चावी फिरवत उभे राहिले. हिलालनी बॉनेट पाहिलं, दार पाहिलं, पुन्हा बॉनेट पाहिलं. दोन्ही सारखी.

"हवे बोलो, आता बोला," मगनभाई हसले. हिलालनी मगनभाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

आता पलसाण्यापर्यंतचे रंगारी त्यांच्याकडे विचारायला येतात आणि ते काही लपवत नाहीत. गिऱ्हाइकालाही तोंडावर सांगतात, "कायमचा नाही हो टिकणार. पण लवकर दगाही नाही देणार." कोणी ऐकून निघून जातं, बरेचसे थांबतात. निळ्याचं जमलंय. हिरवा अजून दाद देत नाही, आणि हिलालही त्याचा नाद सोडत नाहीत.