इंजिनावरचा पंजा

हे डोळ्यांनी सांगत व्हते, इंजिन पुसू नको. मला वाटलं घाबरलेत. मी पदराचं टोक थुंकीनं भिजवलं आन घासायलाच लागले. काखेत तान्ही पोर रडून लाल, मोशीच्या पुढं रस्त्याकडेला आमची मोटार बॉनेट उघडून उभी, आन आरटीओचा साहेब म्हणतोय, "नंबर मुद्दाम बुजवलाय. चोरीचं इंजिन दिसतंय."

चोरीचं!

नंबर बुजवला व्हता मीच. बाळंतपणाला चाकणला माहेरी व्हते, हे आमाला न्यायला सकाळी आले. मोटार इंग्रजांच्या वेळची, कुणाच्या तरी गोठ्यात गंजत पडलेली, ती ह्यांनी घेतली. हे भोसरीत वर्कशॉपला फिटर. पेट्रोल परवडंना, मंग ओव्हरटाइम संपला की मागं थांबून थांबून तिच्यात टेम्पोचं जुनं डिझेल इंजिन बसवलं. आईच्या दारात बॉनेट उचलून सगळ्या भावकीला दाखवत व्हते. म्हणून मी पूजा बी पुढनं न करता थेट इंजिनाची केली. तेलकट लोखंडावर हळदकुंकवाचा माझा पंजा असा बसला की निघंना. त्याच्याच खाली नंबर हाय, मला काय ठावं?

"चोरीचं न्हाई वो साहेब! ह्ये बघा, आकडं दिसाय लागलं!"

साहेबानं गाडीचं पुस्तक उघडलं. पुस्तकात बघितलं, मंग इंजिनाकडं.

"मिस्त्री, तुम्ही तर म्हणालात इंजिन मूळचंच. पुस्तकात नंबर वेगळाय."

ह्यांनी हाताचं तेल पँटीला पुसलं.

"बदललंत तर ऑफिसात नोंद का नाही केली?"

"खेपा लई घालाव्या लागत्यात साहेब. कंपनी रजा देत न्हाई."

"म्हणून पेट्रोलच्या गाडीत डिझेल घालून बायको-लेकरू बसवायचं? गाडी जमा. मूळचं इंजिन बसवा, मग सोडवून न्या."

मूळचं तर ह्यांनी कवाच भंगारात घातलं व्हतं. म्हणजे मोटार गेलीच.

तेवढ्यात ह्यांच्याच शिफ्टचे दोघं सायकलीवरनं आले, थांबले, सगळं ऐकलं. एक म्हणला, "काय राव, वहिनींनीच पकडून दिलं की!" दुसरा फिदीफिदी हसला. साहेब बी हसला. मी पोरीच्या दुपट्यात तोंड घातलं.

एसटीत हे रागावले बी न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. पोरीला मात्र माझ्याकडनं घेतलं आन खिडकीतनं बाहेर बघत बसले.

आता गल्लीतल्या बाया विचारत्यात, "मोटारीतनं येणार व्हतीस ना गं?" मी नळावर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावरच जाते. मला वाटलं व्हतं नंबर दिसला की सुटलो. तो पुस्तकाशी जुळाय बी लागतो, हे चौथीपतुर शिकलेल्या मला कोण सांगणार? ह्यांनी तरी कधी सांगितलं का?

तुमच्या माणसाला भर रस्त्यात कुणी चोर म्हणलं असतं, तर तुमी काय केलं असतं?