दोन अंशांचा गारवा

बेटावरच्या नौसोरी गावी बस स्टँडमागे मुनसामी शिंप्याच्या दुकानाचा अर्धा भाग जोलामेने भाड्याने घेतला होता. मधे पडदा. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला उघडलेले लॅपटॉप. सैन्यात असताना शांतिसेनेबरोबर सिनाईच्या वाळवंटात तो वायरलेस दुरुस्त करायला शिकला. परत आल्यावर रेडिओ हातात घेतले, मग टीव्ही, मग हे. वय सत्तावन्न. पंजे फावड्याएवढे, पण त्यांतून बारीकसा स्क्रूही कधी निसटला नाही. बोलणं बेताचं. गिऱ्हाइकाने चार प्रश्न विचारले की एकाचं उत्तर द्यायचा, उरलेल्या तिन्हींसाठी मशीन उघडून दाखवायचा. पंख्यात पालीची अंडी असत. मुंग्या असत. चटईचे धागे तर हमखास, कारण इथे सगळे चटईवर बसूनच काम करतात.

समोरच्या दुकानात लॅपटॉपखाली ठेवायचे कूलिंग पॅड आले. लोक घ्यायच्या आधी पडदा सारून डोकावत. "जोलामे, याने खरंच थंड होतो का रे?"

तो फुकटात तपासून द्यायचा. अर्धा तास पॅडशिवाय, अर्धा तास पॅडवर. दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून ती मशीनला लावून टाकायचा. हवा ओढायच्या जाळ्या पोटाखाली असतील तर पाच-सहा अंश उतरत. बिजागरीपाशी असतील तर एखाद-दुसरा. आत धूळ बसलेली असेल तर काहीच नाही, नुसता वारा. दुकानदार त्याच्यावर खार खाऊन होता. जोलामेला त्याचं काही नव्हतं. आकडा आला तो आला.

असा हा मुखदुर्बळ माणूस फक्त एकाच माणसासमोर मोकळा सुटायचा. माथिउसमोर. माथिउ त्याच्या मामाचा मुलगा, सुवा शहराच्या मार्गावर बस चालवायचा. आते-मामे भाऊ म्हणजे तावाले. तावाले भेटले की एकमेकांची खोड काढायची, टर उडवायची, अब्रू काढायची, आणि कुणी रागवायचं नाही. हसतमुखाने शिव्या खाणं हेच ते नातं. लहानपणापासून दोघांनी ते इमानाने निभावलं होतं.

त्या मंगळवारी माथिउ बस लावून आला. काखेत मुलीचा लॅपटॉप आणि नवा पॅड. दोन पंखे, निळे दिवे. लॅपटॉप सिडनीच्या नातेवाइकांनी वापरून पाठवलेला. मुलगी असेनाथा त्यावर घरून शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होती. शेवटचं वर्ष.

"काय रे, पोट वाढलं की टेबल लहान झालं?" माथिउ दारातूनच ओरडला.

"तुझी बस बघ. तुझ्या बायकोसारखी, तुझं ऐकतच नाही."

"माझी बायको तुझं ऐकते का? मग तूच ने तिला."

मुनसामीने शिलाई थांबवली. हे ऐकायला तो नेहमी थांबे.

जोलामेने मशीन लावलं. पॅडशिवाय एक्क्याण्णव. पॅडवर एकोणनव्वद. त्याने पट्टी लिहिली. मग बोट टचपॅडवर दाबलं. ते दबेना. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर डुगडुगला. त्याने खालचे स्क्रू सैल करून झाकण उचललं. बॅटरी पावासारखी टम्म फुगली होती.

"दोन अंश," तो म्हणाला.

"दोन तर दोन. तुझ्या टाळक्यात तेवढाही प्रकाश पडत नाही."

"पॅडचं सोड. बॅटरी फुगलीय. हे इथेच ठेवून जा."

"आणि पोरीने परीक्षा कशावर लिहायची? तुझ्या टकलावर?"

मुनसामी खो-खो हसला. जोलामेला तेव्हा थांबता आलं असतं. आवाज खाली आणून, हात धरून सांगता आलं असतं. पण टकलाच्या टोमण्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"ने मग," तो म्हणाला. "घर पेटलं की हाक मार. दालोचे कंद घेऊन येतो भाजायला."

दोघांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. माथिउने लॅपटॉप उचलला. "गादीवर ठेवू नका रे," जोलामे मागून म्हणाला. मागे खोळंबलेल्या बसचा हॉर्न वाजत होता. माथिउने मागे न बघता हात हलवला.

तावालेला गंभीर काही सांगायचं तर त्याची रीत आहे. यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन जायचं, चटईवर मांडी घालायची, जुडी पुढे ठेवायची, आणि आपल्या वतीने दुसऱ्याने बोलायचं. मग ती थट्टा राहत नाही. बुधवारी जोलामेने बाजारातून जुडी आणली. गुरुवारी तो निघालाही, आणि पुलापासून परत फिरला. एका बॅटरीसाठी एवढा थाट! माथिउ वर्षभर बसमधल्या प्रत्येक उतारूला सांगत सुटेल. रविवारी चर्चनंतर जाऊ, असं त्याने ठरवलं. तेव्हा सगळे घरी असतील.

शनिवारी दुपारी मुनसामीचा मुलगा धावत आला.

माथिउचं घर लाकडी, वर पत्रा. जोलामे पोहोचला तेव्हा सगळं जळून पत्रा खाली आला होता. असेनाथा लॅपटॉप गादीवर चार्जिंगला लावून मागे कपडे वाळत घालत होती. पॅड खाली होता, चालू. माथिउ सकाळची पाळी करून झोपला होता. तो बाहेर पडलाही होता, शेजाऱ्यांनी पाहिलं. मग आत शिरला. त्या वेळी मुलगी नेहमी लॅपटॉपपाशीच असे. असेनाथा घराला वळसा घालून ओरडत आली, तोवर धुरात दार दिसत नव्हतं. तिने चौकटीला हात घातला आणि हात भाजला.

माथिउ सुवाच्या इस्पितळात दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी गेला.

सांत्वनाला माणसं जमली ती त्याच्या भावाच्या घरी. चटया अंथरल्या. मानाचे म्हणून देवमाशाचे दात पुढे ठेवले गेले. यंगोनाचं पेय कालवलं गेलं. अशा वेळी तावालेला काम असतं. त्याने मेलेल्याची खोड काढायची, रडणाऱ्यांना हसवायचं. म्हणून जोलामेला पुढे बसवलं. तो खाली बघत बसून राहिला. दोन वाट्या फिरल्या. लोक वाट बघत होते.

असेनाथा बायकांमधून उठून त्याच्यासमोर येऊन बसली. डावा हात पांढऱ्या पट्टीत. बापाला ती ताता म्हणायची आणि याला मोमो, म्हणजे मामा; बापाच्या तावालेला इथे मामाच म्हणतात.

"मोमो, एक विचारू?"

"विचार."

"त्या पॅडने काही थंड होत होतं का?"

तिच्या आवाजात रडू नव्हतं. जोलामेने वर पाहिलं.

"दोन अंश."

"आधी तापला की मी बंद करून ठेवायचे," ती म्हणाली. "हाताला चटका बसला की कळायचंच. पॅड आल्यापासून बंदच केला नाही. पंखे फिरताना दिसायचे. वाटायचं, आता काळजी नाही. मीच केलं ना हे?"

"नाही."

"मग?"

जोलामेने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "बॅटरी फुगली होती. मंगळवारी मी डोळ्यांनी पाहिली. तुझ्या बापाच्या हातात मीच ती परत दिली. त्याला मी मारलं."

 मग मागच्या रांगेतून एकजण फिसकन हसला. "घ्या! मेल्यावरही पिच्छा सोडत नाही!" हसू पुढे सरकलं. बायकांपर्यंत गेलं. माथिउचा भाऊ मान खाली घालून रडत होता, त्याचेही खांदे हसण्याने हलू लागले. दोन दिवस सगळे याचीच वाट बघत होते.

जोलामेने हात वर केला. "मी थट्टा करत नाहीये."

ते आणखी हसले.

असेनाथा हसली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "ताताला सांगितलं नव्हतंत?"

"सांगितलं होतं."

"असंच? सगळे हसतील असं?"

"हो."

तिने पट्टीचा हात छातीशी धरला आणि गुडघ्यांवर सरकत मागे गेली. बायकांनी तिला जागा करून दिली.

माथिउच्या म्हाताऱ्या चुलत्याने डोळे पुसले. भरलेली वाटी त्याने स्वतःच्या हाताने जोलामेपुढे धरली.

"बरं वाटलं रे पोरा," तो म्हणाला. "आणखी एक सांग."