सोडल्या, सोडून दिल्या नाहीत

मावशीच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे. नवरा गेल्यावर तिनं थोड्याशा रानाच्या आणि दोन म्हशींच्या जिवावर मुलगा वाढवला, सून आणली. "मावशी, दुधात पाणी घालता का हो?" असं कुणी चेष्टेनं विचारलं, की म्हणायची, "घातलं असतं तर आज माडी बांधली असती, मेल्या!"

सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा गाव नेसत्या कपड्यांनिशी पळालं. मावशी उलट गोठ्यात शिरली. दाव्यांच्या गाठी सुटेनात, म्हणून विळ्यानं दावी कापली, म्हशींना बाहेर हाकललं आणि मगच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. शेजारचे गोठे पेटले होते, आत बांधलेली जनावरं ओरडत होती. ते ओरडणं तिच्या कानांतून अजून गेलेलं नाही.

आता गाव शाळेतल्या छावणीत. रानात जायला बंदी, म्हशींचा पत्ता नाही, मुलाला काम नाही. अशात सरकारनं जाहीर केलं, ज्यांची दुभती जनावरं गेली त्यांना म्हैस मिळेल. मावशी सुनेला घेऊन वर्गात गेली. मास्तरांच्या खुर्चीत साहेब बसले होते.

"म्हशींचं काय झालं?"

"सोडल्या."

साहेबांनी लिहून टाकलं, 'सोडून दिल्या.' म्हणाले, "मग नाही मिळणार. स्वतःहून सोडून दिलेलं जनावर नुकसानीत धरत नाहीत."

"अहो, सोडल्या म्हणजे दावी कापली! टाकून नाही आले मी!"

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, आणि संताप येतो तो याचाच. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मावशी, बांधलेल्या होत्या, जळाल्या, एवढंच म्हणा. बाकीच्यांचं तसंच मंजूर झालंय."

म्हणजे जीव वाचवला तर गुन्हा, आणि खुंट्याला जाळला तर भरपाई! कुठल्या शहाण्यानं हा नियम केला असेल, त्याला एकदा त्या गोठ्यात बांधायला हवं होतं.

सुनेनं कोपरानं ढोसलं. "आई, म्हणा ना. आपल्याकडे काही नाही."

मावशीनं सुनेच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग टेबलावर दोन्ही हात टेकले आणि बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिहा साहेब. बांधून पळाले मी. माझ्या म्हशी मी जिवंत जाळल्या. झालं सरकारचं समाधान?"

साहेबांनी मान खाली घातली.

"नुसतं 'जळाल्या' पुरे," ते म्हणाले.